सोन्याची जुनी अमेरिकन नाणी : पाडली किती, उरली किती

दोनआणे (धागा काढणारा)

नमस्कार मंडळी. मागे कुठल्यातरी नाण्यांच्या गप्पांत मी सहज बोलून गेलो की अमेरिकेची सुरुवातीची सोन्याची नाणी दुर्मीळ झाली ती कमी पाडली म्हणून नव्हे, लोकांनी वितळवली म्हणून. त्यावर तिघाचौघांनी 'सविस्तर लिही' म्हणून पिच्छा पुरवला, तर घ्या. लांबलंय, चहा घेऊन बसा.

टांकसाळ फिलाडेल्फियात, सेव्हन्थ स्ट्रीटवर. कायदा २ एप्रिल १७९२ चा. जागेवर एक जुनी दारूची भट्टी होती, ती पाडून इमारती उभ्या केल्या. पहिला डायरेक्टर डेव्हिड रिटनहाउस, म्हणजे मूळचा घड्याळं आणि दुर्बिणीवाला माणूस, ग्रहताऱ्यांचा अभ्यासक. कायद्यात सोन्याची तीन नाणी ठरलेली: ईगल १० डॉलरचं, हाफ ईगल ५ चं आणि क्वार्टर ईगल अडीचचं. पण ठरवणं वेगळं आणि पाडणं वेगळं. सोन्याचं पहिलं नाणं बाहेर पडायला १७९५ चा जुलै उजाडला!

उशीर का, तर जामीन. चांदी-सोन्याला हात लावायच्या आधी चीफ कॉइनर आणि असेयर (म्हणजे कस लावणारा) या दोघांनी प्रत्येकी १०,००० डॉलरची हमी द्यायची असा नियम, आणि पगार वर्षाला १,५०० डॉलर. आता कोण कुठून आणणार? हेन्री व्होइट आणि अल्बियन कॉक्स दोघंही हात वर करून बसले, तोवर टांकसाळ तांब्याचे सेंट पाडत राहिली. शेवटी मार्च १७९४ मध्ये काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) ती रक्कम कॉइनरला ५,००० आणि असेयरला १,००० वर आणली तेव्हा गाडी पुढे सरकली. त्यात १७९३ ला फिलाडेल्फियात पिवळ्या तापाची साथ आली, शहरातला साधारण दर दहावा माणूस गेला, टांकसाळ बंद. पुढेही साथ आली की टाळं, असं बऱ्याचदा झालंय.

रिटनहाउसनंतर द सोस्यूर नावाचा वकील डायरेक्टर झाला. जेमतेम चार महिने टिकला पण सोनं पाडायचंच असा त्याने ध्यास घेतला आणि ३१ जुलै १७९५ ला ७४४ हाफ ईगल तयार होऊन बाहेर आले. ईगल सप्टेंबरात. क्वार्टर ईगल पुढच्या वर्षी.

नाण्यावर टोपी घातलेली लिबर्टी, मागे चोचीत हार धरलेला बारीकसा गरुड. रॉबर्ट स्कॉटचं काम. गरुड इतका मरतुकडा दिसतो की तेव्हाही लोकांनी नावं ठेवली, मग १७९७ च्या सुमारास ढाल-बाण घेतलेला भरदार गरुड आला. मला विचाराल तर मरतुकडाच आवडतो, पण ते जाऊ दे.

पाडायचे कसे ते पुढच्या प्रतिसादात लिहितो, आता मुलीला क्लासला सोडायचंय.


तिखटमीठ

वाचतेय. पण एक शंका, नाण्यावर किंमत कुठेय? तू मागे दिलेल्या फोटोत मला ५ किंवा १० काहीच दिसलं नाही.


दोनआणे

नाहीच आहे! ही चांगली शंका. सुरुवातीच्या सोन्यावर किंमत लिहायचेच नाहीत, कारण सोन्याचं नाणं म्हणजे वजनाला विकायची वस्तू, घेणारा तराजूवर टाकूनच घ्यायचा. ईगल १७.५ ग्रॅम, हाफ त्याच्या निम्मं, क्वार्टर त्याच्याही निम्मं, कस बावीस कॅरेट. आकारावरून कळतंय की कुठलं. हाफ ईगलवर '५ डी' असं पहिल्यांदा १८०७ ला आलं, जॉन राइखने नवीन डिझाइन केलं तेव्हा.


चवलीपावली

हे आपल्याकडेही तसंच की. होनावर कुठे किंमत असते, सराफ तोलून आणि कस लावून घ्यायचा, आणि जरा झिजलेलं असेल तर बट्टा.


दोनआणे

अगदी. बरं, आता पाडायचं काम.

आधी हे लक्षात घ्या की टांकसाळीकडे स्वतःचं सोनं जवळजवळ नव्हतंच. बँका, व्यापारी आपापलं सोनं आणून जमा करायचे: स्पॅनिश डब्लून, पोर्तुगीज नाणी, मोडीचे दागिने, लगडी. टांकसाळ ते वितळवून, शुद्ध करून, बावीस कॅरेटला आणून तुम्हाला नाणी परत देणार, पाडणावळ शून्य. म्हणजे कोणतं नाणं किती पाडायचं हे बरंचसं सोनं जमा करणाराच ठरवायचा. बँकांना हाफ ईगल सोयीचा, अडीच डॉलरचं फारसं कोणी मागायचं नाही. म्हणून १७९६ चे चांदण्या नसलेले क्वार्टर ईगल फक्त ९६३ पडले आणि चांदण्यावाले ४३२. १८०८ चा क्वार्टर ईगल २,७१० पडला आणि त्या डिझाइनचं ते एकच वर्ष, टाइप सेट (म्हणजे प्रत्येक डिझाइनचा एकेक नग) करणाऱ्यांचा घाम तिथे निघतो.

सोन्याची ओतीव पट्टी घ्यायची, ती रोलरमधून पुन्हा पुन्हा लाटायची. रोलर घोडे फिरवायचे, वाफेचं इंजिन १८१६ ला आलं. लाटताना पट्टी कडक होते, म्हणून मध्ये मध्ये तापवायची, आपले सोनार करतात तेच. जाडी जमली की पंचने चकत्या कापायच्या आणि मग प्रत्येक चकती, प्रत्येक म्हणजे प्रत्येक, तराजूवर. हलकी निघाली तर परत मुशीत. जड निघाली तर कानस घेऊन घासायची. त्या कानशीचे ओरखडे ठसा मारल्यावरसुद्धा राहतात, नाण्याच्या मधोमध समांतर रेघा दिसतात. नवीन माणसाला वाटतं कुणीतरी नाणं खराब केलंय, पण हे टांकसाळीतलंच काम आहे आणि जुन्या सोन्याला ते माफ असतं, फक्त लिबर्टीच्या तोंडावर असेल तर भाव पडतो.

मग स्क्रू प्रेस. वर आडवा लांब दांडा, माणसं तो जोर लावून फिरवणार, वरचा ठसा खाली येऊन चकतीवर आपटणार. वाफेवरचा प्रेस १८३६ ला आला, म्हणजे मी बोलतोय त्या सगळ्या काळातलं प्रत्येक नाणं माणसाच्या दंडातल्या ताकदीने पडलेलं आहे. कधी दाब कमी पडला तर मधला भाग उमटतच नाही.

आणि ठसे! लिबर्टीचं डोकं आणि गरुड यांचे पंच तयार असायचे पण चांदण्या, अक्षरं, आकडे एकेक करून हाताने ठोकायचे. म्हणून कुठल्याही दोन ठशांत चांदणी जरा इकडे, आकडा जरा तिकडे असं असतंच. पोलाद भरवशाचं नव्हतं, ठसा कडक करताना तडकायचा. तडकला तरी फेकायचे नाहीत, चिर वाढत जाईपर्यंत वापरायचे, ती चिर नाण्यावर रेघ होऊन उमटते आणि आज लोक त्या रेघेच्या लांबीवरून आधीचं नाणं कोणतं नंतरचं कोणतं हे लावत बसतात. मीपण बसतो. बायको म्हणते यापेक्षा भांडी लाव.


पारखीनजर

वर्ष बदललं तरी जुने ठसे वापरायचे ते पण लिही ना. मला ती १७९५ ची गंमत फार आवडते.


दोनआणे

हो हो. ठसा बनवायला वेळ आणि पैसा जातो, मग टिकलेला ठसा वर्ष उलटलं म्हणून टाकणार कोण? जुन्या आकड्यावर नवा ठोकायचा. १८०२ च्या सगळ्या हाफ ईगलवर २ च्या खाली १ दिसतो. १८०१ चा हाफ ईगलच नाही बरं का, ठसे केले पण वापरले पुढच्या वर्षी.

आणि १७९५ ची गंमत म्हणजे, भरदार गरुडवाले काही हाफ ईगल १७९५ तारखेचे सापडतात. पण तो गरुड तर १७९५ ला जन्मलाच नव्हता! झालं असं की १७९७-९८ च्या सुमारास लिबर्टीवाला जुना ठसा फडताळात धडधाकट पडलेला होता, तो नव्या गरुडाला जोडून दिला. उलट १७९८ चे काही हाफ ईगल जुन्या मरतुकड्या गरुडाचे आहेत, ते जगात सात-आठच उरलेत.

त्यामुळे टांकसाळीच्या वहीत अमक्या वर्षी इतकी नाणी असं लिहिलंय त्याचा अर्थ त्या वर्षी बाहेर पडली इतकाच, त्यावर तारीख कुठली होती देव जाणे. निम्मे घोळ इथूनच सुरू होतात.

चांदण्यांचंही तसंच. राज्य वाढलं की चांदणी वाढवायची असा बेत होता, १७९५ ला १५ होत्या, टेनेसी आल्यावर १६, मग कुणाच्या तरी लक्षात आलं की असं चालू ठेवलं तर लिबर्टीला जागा उरणार नाही, म्हणून परत १३ वर आले.


साधासुधा

सगळं छान पण मूळ मुद्दा राहिला. वितळवली का? स्वतःच्या देशाचं नाणं कोण वितळवतं


मधलासराफ

याला मी उत्तर देतो, धंद्यातला आहे.

अमेरिकेचा तेव्हाचा अर्थमंत्री हॅमिल्टन, त्याच्या हिशोबाने कायद्यात ठरलं की सोनं चांदीच्या १५ पट. युरोपात भाव होता साडेपंधरा, फ्रान्सने तर १८०३ ला तसा कायदाच केला. आता तुम्ही अमेरिकेत चांदीचे १५ औंस देऊन सोन्याचा १ औंस घ्या, पॅरिसला न्या, साडेपंधरा औंस चांदी घ्या. अर्धा औंस सुटला. जहाजभाडं, विमा काढून उरतं की नाही ते पाहायचं, उरलं तर पेटी भरायची. नाण्यावर गरुड आहे की कावळा याच्याशी सराफाला काय देणंघेणं, मूस तापलेली असली की झालं.


दोनआणे

मधलासराफ, हे इतकं सोपं मला जमलं नसतं. त्यात भर टाकतो.

म्हणूनच ईगल १८०४ नंतर बंद, परत सुरू झाला तो १८३८ ला. हाफ ईगल चालू राहिला पण बाजारात दिसेनासा. १८२१ ला इंग्लंडने नोटेच्या बदल्यात सोनं द्यायला पुन्हा सुरुवात केली, तिथली सोन्याची मागणी वाढली, आणि फिलाडेल्फियातून निघालेला हाफ ईगल कुणाच्याही खिशात न जाता सरळ बोटीवर चढायचा. म्हणजे ही नाणी वापरून झिजून संपलेली नाहीत, कोरी करकरीत वितळली.

उरलीसुरली कसर १८३४ ला निघाली. २८ जूनच्या कायद्याने डॉलरमागचं शुद्ध सोनं २४.७५ ग्रेनवरून २३.२ ग्रेनवर आणलं. नव्या नाण्यावरून 'ई प्लुरिबस उनम' या लॅटिन बोधवाक्याची पट्टी काढून टाकली, ओळखता यावं म्हणून. आता जुना ५ डॉलर नव्या हिशोबाने ५.३३ चा. मग घरात कुणी जपून ठेवलेला असेल तो पण टांकसाळीतच परत, नवीन नाणी घ्यायला.

आकडा बघा फक्त. १८२२ च्या हाफ ईगलचा सरकारी आकडा १७,७९६ (तो वहीचा घोळ धरूनच), आणि आज उरलेत तीन. त्यातले दोन स्मिथसोनियन या वॉशिंग्टनच्या सरकारी संग्रहालयात, म्हणजे विकत मिळू शकणारा एक. तो बाल्टिमोरच्या लुई एलियासबर्ग या बँकरच्या संग्रहात होता, त्याच्या लिलावात १९८२ ला ब्रेंट पोगने ६,८७,५०० डॉलरला घेतला, आणि मार्च २०२१ मध्ये गेला ८४ लाख डॉलरला. उलट १८१५ चा हाफ ईगल पाडलाच ६३५, आणि उरलेत डझनभर. ६३५ मधले डझनभर आणि १७ हजारांतले तीन. आता सांगा कमी पाडण्याचा संबंध काय.


तिखटमीठ

अगं बाई. हे वाचून माझ्या आजीच्या गिन्या आठवल्या. तिच्या लग्नातल्या सहा गिन्या होत्या, राणीच्या तोंडाच्या, चौसष्ट-पासष्ट साली आईच्या लग्नात त्यांच्या पाटल्या झाल्या. आजी कायम म्हणायची नाणं अंगावर घालता येतं का? आता कळतंय की ती फिलाडेल्फियाच्या बँकेपेक्षा वेगळं काही करत नव्हती.


चवलीपावली

चौसष्ट-पासष्ट म्हणजे मोरारजींच्या सुवर्ण नियंत्रणातले दिवस ना? चौदा कॅरेटच्या वरचा दागिना घडवायला बंदी होती. पाटल्या कुणी करून दिल्या हे विचारू नये :)


तिखटमीठ

नाही सांगणार!


मावळतीकडे

अमेरिकेत १९३३ ला रूझवेल्टनेही सोनं गोळा केलं होतं ना? मग संग्राहकांचं काय झालं?


दोनआणे

हो, ५ एप्रिल १९३३ चा आदेश. पण त्यात दुर्मीळ नाण्यांना सूट होती, जमवणाऱ्यांच्या दृष्टीने ज्यांना खास किंमत आहे ती नाणी ठेवायला परवानगी. ती एक ओळ नसती तर मी आज हा धागा काढायला बसलोच नसतो.

आता जमवणाऱ्यांबद्दल. सुरुवातीला कुणी जमवतच नव्हतं. १७९५ चा ईगल दहा डॉलरचा, ते ठेवून द्यायची ऐपत कुणाची? वाचवली ती टांकसाळीतल्याच एका माणसाने, ॲडम एकफेल्ट. हा सुरुवातीपासून तिथे, पुढे चीफ कॉइनर झाला. नवी नाणी पडली की चांगला नग बाजूला ठेवायचा, आणि वितळवायला आलेल्या ढिगात काही वेगळं दिसलं तर तेही. त्यातून १८३८ ला टांकसाळीचा सरकारी संग्रह उभा राहिला, १९२३ ला तो स्मिथसोनियनला गेला. वर म्हटलेल्या दोन १८२२ पैकी एक त्यातला. दुसरा औषधकंपनीवाल्या लिली घराण्यातल्या जोसाया लिलीचा, त्याची सहा हजारांवर सोन्याची नाणी त्याच्या मागे स्मिथसोनियनला आली, बदल्यात वारसांना करात सवलत द्यायला काँग्रेसने खास कायदा केला. डॅलसचा हॅरी बास हा अजून एक वेडा, त्याने नुसती वर्षं नाही तर ठशांच्या जोड्या जमवल्या, तेच एक वर्ष पण चांदणी जरा सरकलेली की हवंच.


पारखीनजर

ब्रॅशर डब्लून विसरलास. तो टांकसाळीच्याही आधीचा. एफ्राइम ब्रॅशर, न्यूयॉर्कचा सोनार, १७८७. नाण्यावर 'ईबी' असा स्वतःचा शिक्का मारायचा, आपल्याकडे सराफ पारखलेल्या रुपयावर खूण मारायचे त्यातलाच प्रकार. जॉर्ज वॉशिंग्टन न्यूयॉर्कला चेरी स्ट्रीटवर राहायला आला तेव्हा हा शेजारी. सातच उरलेत, एक जानेवारी २०२१ ला ९३ लाख ६० हजार डॉलरला गेला.


दोनआणे

विसरलो नव्हतो, तू लिहिशील माहीत होतं :) आणि त्यातला एक १८३८ ला टांकसाळीत वितळवायलाच आला होता, परक्या सोन्याच्या ढिगात. एकफेल्टने उचलून बाजूला ठेवला. एका माणसाची नजर चुकली असती तर सात नाही, सहा.


गोदीवाला

बराच वेळ नुसता वाचत होतो, आता एक मुंबईची गोष्ट.

१८३४ ला अमेरिकन सरकारने सयामच्या (आताचं थायलंड) राजाला आणि मस्कतच्या सुलतानाला भेट द्यायला नाण्यांचे संच करायला सांगितले. टांकसाळीने वह्या पाहिल्या, डॉलर आणि ईगल शेवटचे १८०४ ला पडलेत असं लिहिलेलं, म्हणून १८०४ तारखेचे नवे ठसे करून पाडले. डॉलरच्या बाबतीत ही चूकच होती, कारण १८०४ ला पडलेल्या डॉलरवर तारीख आधीचीच होती (दोनआणेने म्हटलेला वहीचा घोळ). ईगल मात्र खरोखर १८०४ चे आहेत, पण त्यातल्या ४ च्या आडव्या रेघेला टोकाशी बारीक उभी रेघ असते आणि भेटीसाठी पाडलेल्यात ४ साधा. तेवढ्यावरून ओळखायचं.

संच घेऊन एडमंड रॉबर्ट्स हा दूत 'पीकॉक' नावाच्या युद्धनौकेवरून निघाला. सप्टेंबर १८३५ मध्ये अरबस्तानच्या किनाऱ्याला मसीरा बेटाजवळ जहाज खडकावर चढलं, तोफा समुद्रात टाकून हलकं केलं तेव्हा सुटलं. मस्कतचं काम उरकून दुरुस्तीला आलं कुठे, तर मुंबईच्या गोदीत, आणि ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथेच होतं. सयामला ते पोचलं १८३६ च्या वसंतात. म्हणजे माझ्या हिशोबाने सयामच्या राजाचा संच, त्यातला सोन्याचा ईगल धरून, जवळजवळ दीड महिना मुंबईत होता. रॉबर्ट्स बिचारा जून १८३६ ला मकावमध्ये वारला. संच १९६२ ला लंडनमध्ये उगवला, पिवळ्या चामड्याच्या डबीत.


दोनआणे

गोदीवाला, दंडवत. संच माहीत होता पण मुंबईचा टप्पा माझ्या डोक्यातच आला नव्हता. दीड महिना!


साधासुधा

आता व्यवहाराचं बोला. माझ्यासारख्याला एखादं परवडेल का?


दोनआणे

१८३४ च्या आधीचं विसर. त्याच्या नंतरचा, पट्टी काढलेला हाफ ईगल हातात येऊ शकतो. माझ्याकडे तोच एक आहे, १८३६ चा, आणि त्यातही फसलोय. एका शोमध्ये टेबलावर झकास चमकत होता, दुकानदार गोड बोलला, मी घेतला. घरी भिंगाखाली पाहिला तर बारीक बारीक केसासारखे ओरखडे, कुणीतरी पॉलिश मारलेलं. ग्रेडिंगला (नाणं तपासून प्रत ठरवणाऱ्या कंपनीकडे) पाठवला तर 'साफ केलेलं' असा शेरा मारून परत. जुन्या सोन्याला मळकट, जराशी तांबूस झाक हवी, चमकलं की संशय घ्यायचा. पीसीजीएस किंवा एनजीसी या अशाच दोन कंपन्या, त्यांच्या प्लास्टिकच्या डबीतलंच घे, आणि डबीचा नंबर त्यांच्या साइटवर तपास, कारण आजकाल डब्याही खोट्या येतात.


तिखटमीठ

थांबा थांबा. आईला आत्ता फोन केला. गिन्या गेल्या पण आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली एक पुतळी डब्यात आहे म्हणे, माळ मोडली तेव्हा चुकून राहिलेली. एकीकडे दोन माणसं, एक गुडघ्यावर, दुसरीकडे लांबट चौकटीत एक उभा आणि भोवती चांदण्या. काय असेल?


पारखीनजर

व्हेनिसचा डुकाट!! किंवा त्याची नक्कल. आपल्याकडे सोनार तशाच घडवायचे, नकलेवर अक्षरं नुसत्या रेघोट्या असतात, वाचता येत नाहीत. अस्सलाचं वजन साडेतीन ग्रॅम. अक्षरांचा फोटो टाक, आणि कृपा करून साफ करू नका.


तिखटमीठ

कडीसकट ३.७ भरली. अक्षरं मला तरी रेघोट्याच वाटतायत. आणि साफ करू नका हे आईला सांगेपर्यंत तिने चिंच लावून घासली होती.